बर्फखान्यातलं पाणी

आमच्या ताई माणसाला आधी पाणी द्यायच्या, मग स्टूल द्यायच्या आणि मग त्याच्याशी वाद घालायच्या. या क्रमात कधी बदल झाला नाही. पुण्याहून आलेले मोठे समीक्षक असोत नाही तर उन्हानं कावलेला कुरिअरवाला, दारातून पाऊल आत पडलं की माठातलं फुलपात्रभर पाणी हातात. ते पिऊन होईपर्यंत भिंतीकडं बघायची परवानगी नव्हती. समीक्षक एकदा म्हणाले, माझ्याकडं बाटली आहे. ताई म्हणाल्या, असू द्या, परतीच्या वाटंला होईल.

संभाजीनगरला क्रांती चौकाच्या मागं एका गल्लीत बर्फाचा जुना कारखाना होता. बंद पडून जमाना झालेला, पण लाद्या ओढायचे लोखंडी आकडे छताला तसेच लोंबत होते. ताईंचे वडील त्या कारखान्यात लाद्या ओढायचे. ताई शिकल्या, परदेशात जाऊन कॉलेजात शिकवू लागल्या, आणि नोकरी संपल्यावर परत येऊन त्यांनी बंगला बांधायच्या ऐवजी हा कारखाना भाड्यानं घेतला. बाहेर पाटी लावली आर्ट गॅलरीची. गल्लीनं पाटीकडं ढुंकून पाहिलं नाही. गल्लीच्या लेखी तो बर्फखानाच राहिला, आणि ताईंनाही तेच आवडायचं.

तिथं जगभरातले कलाकार यायचे. पण कसले? ज्यांचं काम दिवाणखान्यात टांगता येत नाही, असले. ताईंची निवडायची रीतच ती होती. फोटो बघायच्या आणि म्हणायच्या, हे सोफ्याच्या मागं चांगलं दिसंल, नको. केनियाची एक बाई कचरा वेचणाऱ्या बायांसोबत वर्षभर राहून त्यांच्या हातांचे साचे घेऊन आली होती. लेबनॉनच्या एका माणसानं त्याच्या शहरातली वीज कुठं कुठं जाते ते साडीएवढ्या कापडावर भरतकामानं काढलं होतं. त्याला ताई चक्क मराठीत सांगत होत्या, आमच्याकडची काढ, भरतकामाला दोरा कमी पडंल.

त्या सगळ्यांशी मराठीतच बोलायच्या. इंग्रजी फाडफाड यायचं, पण ते भांडणासाठी राखून ठेवलेलं.

मी तिथं कशी गेले ते सांगते. माझं माहेर चंद्रपूरकडं, मूलच्या पुढं जंगलाला लागून. आठवीत शाळा सुटली. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागं वाळूजला आले, त्याला तिथं कंपनीत काम होतं. मी ‘मले’, ‘तुले’ म्हणायचे आणि दुकानातले लोक हसायचे, म्हणून मी बोलायचंच कमी केलं. मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. रिक्षात बसले की उतरायचं ठिकाण निघून जाईल म्हणून, आणि कुणी गोड बोललं की आता काय मागतील म्हणून. कंपनीनं नवऱ्याला घरी बसवलं तेव्हा मी झाडलोटीचं काम विचारत फिरत होते. बर्फखान्याचं दार उघडं दिसलं. मला वाटलं, दवाखाना असंल.

पाणी मिळालं. स्टूल मिळालं. समोर भिंतभर एक फोटो होता, कुठल्या तरी बंदरावर माणसं रांगेत उभी. पांढरे केस बारीक कापलेली, खादीचा झब्बा आणि पायात पुरुषी सँडल घातलेली एक बाई माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, काय दिसतं?

मला वाटलं ही परीक्षा आहे आणि यावर काम ठरणार. मी म्हटलं, “मी आठवीपर्यंतच शिकली आहो.”

“मग आठवीपर्यंत काय दिसतं ते सांग.”

मी म्हटलं, रांगेतल्या कुणाच्याच पायात बूट नाही. ताई म्हणाल्या, तिसऱ्याच्या पायात हाय की, नीट बघ. मी पाहिलं, खरंच होते. मला वाटलं, गेलं काम. ताई म्हणाल्या, उद्यापासून ये, तू चुकलीस पण तू पायाकडं बघितलंस, लोक तोंडाकडंच बघतात.

आज मी कोचीत असते. इथल्या प्रदर्शनांत मांडणीचं काम करते, पेट्या उघडते, भिंती मोजते, दहा देशांच्या माणसांत वावरते. मलयाळममध्ये भाजी घेते. माझ्या गावापासून एवढ्या लांब मी येईन असं आमच्याकडच्या कुणालाच वाटलं नसतं. भीती अजून वाटते, पण आता तिच्यासकट कामं होतात. हे सगळं ताईंचं देणं आहे. म्हणून त्यांच्याविषयी लिहायला बसले, तर मनात सारखं येतंय की काही राहून जाईल आणि त्या नाशिकहून फोन करून झापतील. बर्फखाना बंद झाल्यापासून त्या भाचीकडं असतात आणि तिथल्या सोसायटीशी भांडतात.

त्यांचं म्हणणं होतं की चित्र डोळ्यांनी बघायचं नसतं, बुडानं बघायचं असतं. उभ्या उभ्या बघणाऱ्याला त्या गिऱ्हाईक म्हणायच्या आणि बसणाऱ्याला पाहुणा. म्हणून गॅलरीत जागोजागी स्टुलं होती. उन्हाळ्यात दुपारी बर्फखान्याच्या जाड भिंतींमुळं आत गारवा असायचा, तर रिक्षावाले आणि चौकातले हातगाडीवाले येऊन स्टुलावर बसून, भिंतीला डोकं टेकून झोपायचे. एका पाहुण्या चित्रकाराला ते खटकलं. त्याच्या कामाखाली एक माणूस चक्क घोरत होता. ताईंनी त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि म्हणाल्या, हळू बोल, तो बघून दमलाय.

ताईंकडं एक लुना होती. ती सुरू करताना त्या तिच्याशी बोलायच्या आणि बंद पडली की अबोला धरायच्या, दोन-दोन दिवस चालत यायच्या. परदेशी कलाकारांना हॉटेलात ठेवायचं नाही हा आणखी एक नेम. गल्लीतल्या घरांत वाटून द्यायच्या. तोवर आम्हीही वाळूज सोडून गल्लीतच खोली घेतली होती, कोरियाचा एक पोरगा तिथं राहिला. बंद पडलेल्या कारखान्यांतल्या कामगारांचे हातमोजे गोळा करून तो आकड्यांना टांगणार होता. माझ्या नवऱ्याचे हातमोजे खुंटीवरच होते, कामावरून बसवल्यापासून तसेच. पोरगा त्याकडं बघत राहिला, पण मागायचं त्याला धाडस होईना. शेवटी नवऱ्यानं स्वतःच काढून दिले. प्रदर्शन उघडलं त्या दिवशी नवरा त्या मोज्यांखाली स्टूल घेऊन बसला आणि तासभर उठला नाही. ताईंनी त्याला दुसऱ्यांदा पाणी नेऊन दिलं.

आता काकूंचं सांगते, कारण ताईंचं सगळं तिथंच येऊन थांबतं.

काकू समोरच्या घरात राहायच्या. लासूर स्टेशनकडच्या मोठ्या शेतीवाडीच्या घरातल्या, मुलगा इथं नोकरीला म्हणून गल्लीत आलेल्या. तोंडानं तिखट, हातानं सढळ. ताई आणि त्या रोजच्या मैत्रिणी. काकू दुपारी यायच्या, चित्रांना नावं ठेवायच्या, हे तर माझी नात पण काढंल म्हणायच्या, आणि निघताना विचारायच्या, रात्रीला काय केलंय? सणाला पुरणपोळ्यांचा डबा यायचाच. ताई आजारी पडल्या तेव्हा काकूंनी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून नर्सला फैलावर घेतलं होतं.

पण काकू बर्फखान्यात पाणी प्यायच्या नाहीत. ताई फुलपात्र पुढं करायच्या आणि काकू म्हणायच्या, आत्ताच पिऊन आले बघा. रोज. ताई पण रोज पुढं करायच्या.

मला आधी वाटलं काकूंना काही आजार असंल. मग माझ्या पोरीला ताप होता म्हणून बघायला त्या आमच्या खोलीवर आल्या आणि न विचारता माझ्या माठातून दोन पेले प्यायल्या. तेव्हा मला कळलं. ताई बौद्ध होत्या, मी नव्हते. एवढीच गोष्ट. मी मांडीवरच्या पोरीला खाली ठेवलं.

ताईंना सांगावं का, या विचारानं मी आठवडाभर कुढले. शेवटी त्यांनीच माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं.

म्हणाल्या, “मला म्हाईत हाय. माझी आई खुलताबादच्या अलीकडं एका वाडीत पाणी मागायची, तेव्हा वरून ओंजळीत ओतायचे. तिनं कधी पाण्याचं भांडं हातात धरलं नाय. काकू वाईट बाई नाय. तिला तिचंच ठाऊक नसंल, ती का पीत नाय ते. कायदा सांगून मी तिला आत्ता पाजू शकते. पण मला शेजारीण पाहिजे, आरोपी नको.”

मग म्हणाल्या, “एक घोट. माझा जीव त्या एका घोटात अडकलाय, येडी म्हण मला.”

त्यानंतर चिली देशातली एक बाई आली.

ती जगातल्या सगळ्यांत कोरड्या वाळवंटाच्या कडेच्या गावातली. ठेंगणी, सतत हसरी, मराठी ना इंग्रजी, हातांनी बोलायची. तिच्यासोबतच्या इंग्रजी कागदावर तिचं काम वाचून ताई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. काम असं होतं, की ज्या शहरात जायचं तिथं एक रिकामा हौद ठेवायचा. तो गॅलरीनं भरायचा नाही. शहरातल्या माणसांनी आपापल्या घरातून एकेक भांडं आणून ओतायचं. आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्यातलं प्यायचं. एकानं प्यायलं की त्यानं पुढच्यासाठी लांब दांड्याचं ओगराळं भरून द्यायचं. झालं काम. भिंतीवर काही नाही.

ताई त्या दिवशी लुना न घेताच पळत घरी गेल्या आणि आठवण झाल्यावर पळत परत आल्या. बर्फाचे डबे बुडवून लाद्या सुट्या करायचा छोटा हौद आत होताच. तो आम्ही चुन्यानं घासला, आरशासारखा केला. ताई मध्येच थांबून हसायच्या, मध्येच माझा दंड धरून हलवायच्या. आम्ही दोघी एकच विचार करत होतो आणि कुणीच काकूंचं नाव घेत नव्हतं.

पण तो एप्रिल होता. आमच्याकडं नळाला पाणी कधी येतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना एवढंच सांगते, की नळ येतो त्या दिवशी लोक लग्नाला जात नाहीत. आठवडा उलटला तरी नळ नाही. कुणी वाटी आणली, कुणी बाटलीचं झाकण. माझ्या पोरीनं तिच्या वॉटरबॅगेतलं उरलेलं ओतलं. हौदाचा तळ नुसता ओला व्हायचा आणि दुपारपर्यंत वाळायचा. रविवारी प्यायचं ठरलेलं आणि शुक्रवार आला. चिलीची बाई तळाकडं बघून हातांनी म्हणाली, कोरडा तर कोरडा, हेही तुमचं शहरच. तिला ते चाललं असतं. ताईंना नाही. कोरड्या हौदातून काकू काय पिणार होत्या?

मला रात्री झोप लागंना. ताईंचं हसं होईल, आणि मग त्यांच्यातलं काहीतरी कायमचं विझंल, असं वाटायचं.

शनिवारी सकाळी गल्लीत टँकर शिरला. टँकरवाले भाई बर्फखान्यात दुपारची झोप घेणाऱ्यांपैकी एक. त्यांना कळलं होतं की ताईंचा हौद भरत नाही. त्यांनी कुणाला न विचारता टँकर दाराशी लावला, पाइप खांद्यावर टाकला आणि हौदाकडं निघाले. म्हणाले, दीदी, आपका हौज अभी फुल करता, पैसे का नाम नको लेव.

ताई हौदाच्या काठावर चढून आडव्या झाल्या. शब्दशः आडव्या. म्हणाल्या, भाई, एक थेंब नाय. घराघरातून आलेल्या भांड्यांनीच भरायचा, हा नियम हाय.

भाईंना काही कळेना. एवढं पाणी, एप्रिल महिना, आणि नको? ते दुखावले. पाइप हातात तसाच. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, टँकरचा आवाज ऐकून कोण घरात बसतं. ताई आडव्याच होत्या, वर आकड्यांकडं बघत. मग एकदम उठून बसल्या.

“भाई, हे पाणी मला दिलं ना?”

“आपकाच है.”

“मग मी ते गल्लीला दिलं. लावा पाइप बाहेर.”

त्या गल्लीत गेल्या आणि हात वर करून ओरडल्या, घ्या, सगळ्यांनी घरं भरून घ्या, फुकट. फक्त घरी नेलेल्यातलं एक भांडं मला परत आणून हौदात ओतायचं.

पुढं जे झालं ते मला नीट लावून सांगता येणार नाही. हंडे, कळशा, बादल्या, एकाचा तर बाळाच्या अंघोळीचा टब. भांडणं झाली, दोन माठ फुटले, भाई पाइप धरून लाइन में, लाइन में म्हणत राहिले आणि स्वतः कमरेपर्यंत भिजले. लोक पाणी घरी नेत होते आणि तांब्या भरून परत येत होते. काही जण तर आपल्या घराच्या उंबऱ्याला हंडा टेकवून तिथूनच हौदाकडं वळत होते. नियमच होता, आधी घरात न्यायचं, मग आणायचं. चिलीची बाई मध्ये उभी राहून तिच्या भाषेत काहीतरी ओरडत होती आणि दिसेल त्याला मिठी मारत होती. एका आजोबांनी तिला मागून मिठी मारली तेव्हा त्यांच्या सुनेनं त्यांना आत नेलं.

काकूही आल्या. त्यांनी दोन हंडे नेले आणि पितळी तांब्या भरून आणला. हौदात ओतला. वाकून बघितलं, पाणी कुठवर आलंय.

संध्याकाळी हौद काठाला आला होता.

रविवारी सकाळी गर्दी झाली. माणसं नटून आली होती, पाणी प्यायला. पहिलं ओगराळं चिलीच्या बाईनं घेतलं आणि शेजारच्या पोराला भरून दिलं. पोरानं भाईंना दिलं. भाई प्याले आणि म्हणाले, अपनाच माल है, एक नंबर. सगळे हसले. रांग पुढं सरकत होती. बहुतेक जण वरून, ओठ न लावता पीत होते, आपल्याकडची सवय. ताई रांगेत शेवटी उभ्या होत्या. काकू रांगेतच नव्हत्या. भिंतीशी, स्टुलाजवळ उभ्या होत्या, पदर खांद्यावर घट्ट ओढून.

मी प्याले, माझ्यामागच्या बाईला दिलं. तिनं तिच्या मागच्याला. असं करत ओगराळं ताईंपर्यंत आलं. ताई ओठ लावून प्याल्या, पुरं, डोळे मिटून. मग त्यांनी ते पुन्हा भरलं. पुढं कुणी नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, काकू राहिल्या की.

काकू म्हणाल्या, माझा उपास हाय आज.

“पाण्याचा बी उपास व्हय काकू?” भाईंनी विचारलं, आणि लोक हसले. काकू पण हसल्या. मग म्हणाल्या, “नाय, म्हणजे आत्ताच पिऊन…” आणि तिथं थांबल्या.

ताईंनी ओगराळं पुढं केलं नाही. भरलेलं तसंच हातात धरून त्या हौदाच्या काठावर बसल्या, बूड टेकवून. म्हणाल्या, सावकाश. मला घाई नाय.

ओगराळ्यातून थेंब गळत होते. ताईंचा हात कापत होता. त्यांचं वय झालं होतं आणि भरलेलं ओगराळं जड असतं. मला वाटत होतं, धावत जावं आणि त्यांच्या हातातून ते घ्यावं. गेले नाही. काकू ताईंच्या हाताकडं बघत होत्या, कापणाऱ्या. मग त्या पुढं आल्या आणि जरा चिडूनच म्हणाल्या, “सांडतंय ना सगळं. आणा इकडं.”

घेतलं. आणि ताई प्याल्या होत्या तिथंच ओठ लावून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काय झालं ते निम्म्या लोकांना कळलंच नसंल. काकूंनी पदरानं तोंड पुसलं, तोंड वाकडं केलं आणि हौदाकडं बघत म्हणाल्या, “तुरटी नाय फिरवली वाटतं.”

ताई म्हणाल्या, “नाय फिरवली.”

“फिरवायला नको? टँकरचं पाणी ते. गावाची पोटं बिघडवताल.”

“चुकलंच काकू.”

“चुकलंच तर. आणा आता, मी फिरवते. तुम्हाला जमणार नाय ते.” आणि काकूंनी बांगड्या मागं सारल्या.

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. हातानंच मला सांगितलं, जा. मी चपला न घालता पळाले. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. मला एवढा दम लागला होता की तुरटी हा एक शब्द तीनदा तोडून बोलावा लागला. दुकानदारानं विचारलं, किती देऊ?

मी म्हटलं, हाय तेवढी द्या.